समुद्रतळाची पाठशाळा

किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्या ज्ञातिबांधवांपैकी ज्यांच्या घरी होडी आणि जाळे आहे, त्यांस एक अनुभव खचितच आला असेल. जाळे ओढून वर घ्यावे, तो मासळीबरोबर एखादे शेवाळलेले खापर, शिंपल्यांनी मढलेला लोखंडाचा तुकडा किंवा भोक पाडलेला जड दगड वर यावा. जाळे फाटले म्हणून तांडेलाने चार शब्द बोलावे, आणि ती वस्तू जेथून आली तेथे परत जावी. ह्यात कोणाचाही दोष नाही. खापराला बाजारात किंमत नसते, आणि ज्याच्या हाती ते आले त्याला ते वाचावयास कोणी शिकविलेलेही नसते. परंतु ज्याला वाचता येईल अशा माणसापर्यंत ते पोहोचले, तर त्यातून कधी कधी इतिहासाचे एखादे संपूर्ण प्रकरण उभे राहते. अशी प्रकरणे गेल्या साठ-पासष्ट वर्षांत कशी उभी राहिली, आणि त्यांच्या उभारणीत विद्यार्थ्यांच्या उन्हाळी शिबिरांचा वाटा किती मोठा आहे, हे वाचकांपुढे ठेवावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रस्तुत लेखकाचे आयुष्य इतिहास शिकविण्यात गेले. आरमाराचा धडा शिकविताना एक अडचण दरवर्षी येई. बखरी, फर्माने, पत्रव्यवहार ह्यांतून लढाया सापडतात, सरदारांची नावे सापडतात, तहाची कलमे सापडतात. पण गलबताची फळी फळीला कशी जोडीत, खलाशी काय खात, माल कोणत्या वजनांनी तोलीत, असे एखाद्या चुणचुणीत मुलाने विचारले की आम्ही शिक्षक मुके होत असू. सुताराने कधी बखर लिहिली नाही आणि तांडेलाने रोजनिशी ठेवली नाही. त्यांचे जे काही लिखाण म्हणावयाचे, ते बुडालेल्या गलबतातच आहे. गाळाखाली दडलेले लाकूड हजारो वर्षे टिकते. मडक्यातले बी टिकते. तराजूच्या दांडीवर कोरलेले नाव टिकते. जमिनीवरच्या गावात पिढ्यामागून पिढ्या राहून जातात व सगळ्यांचे अवशेष मिसळतात. गलबत मात्र एका दिवशी, एका घटकेस, त्यावरील सर्व चीजवस्तूंसह बुडते. म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाला त्याच्याइतका खरा साक्षीदार क्वचितच मिळतो.

ह्या साक्षीदाराची साक्ष प्रथम कशी घेतली गेली ते पाहण्यासारखे आहे. इ. स. १९०० साली ग्रीसमधील सिमी बेटाचे स्पंज काढणारे पाणबुडे अँटिकिथेरा बेटाजवळ बुडाले असता त्यांस तळाशी कांस्याचे पुतळे दिसले. पुढे सरकारच्या मदतीने त्याच पाणबुड्यांनी ते वर काढले, आणि त्यांबरोबर दातेरी चाकांचे ते प्रख्यात गणितयंत्रही वर आले. ह्या कामी एक पाणबुड्या प्राणास मुकला आणि दोघे कायमचे पंगू झाले. विद्वान मंडळी जहाजाच्या फळीवर उभी होती. कोणती वस्तू कोणत्या वस्तूशेजारी, कशी पडली होती, ह्याची नोंद राहिली नाही. आणि एकदा वस्तू उचलली की ती नोंद पुन्हा करता येत नाही. उत्खनन म्हणजे एकाच प्रतीचा ग्रंथ वाचणे आणि वाचता वाचता त्याचे पान जाळणे होय. वाचणारा निरक्षर असेल तर फक्त जाळणेच शिल्लक राहते.

१९४३ साली कुस्तो व गान्यां ह्या फ्रेंच गृहस्थांनी पाठीवर हवेची टाकी बांधून मोकळेपणाने बुडी मारण्याचे साधन सिद्ध केले. आता सर्व अडचणी संपल्या असे वाटले. १९५२ पासून मार्सेय बंदराजवळ ग्रां काँग्लुए ह्या खडकापाशी कुस्तो ह्यांच्या पाणबुड्यांनी काही वर्षे मोठ्या धडाडीने काम केले. फर्नां बन्वा हे नामांकित पुरातत्त्वज्ञ त्या कामाचे शास्त्रीय प्रमुख होते. परंतु ते स्वतः बुडी मारीत नसत. खालून जे वर येई ते पाहून ते निष्कर्ष काढीत. एका मोठ्या गलबताचे अवशेष म्हणून ते काम प्रसिद्ध झाले. पुढे १९८० नंतर सर्व सामग्रीचा पुन्हा अभ्यास झाला तेव्हा कळले की तेथे एकावर एक अशी दोन गलबते बुडाली होती, आणि त्यांच्यात जवळजवळ शतकाचे अंतर होते! बन्वांसारख्या व्यासंगी माणसाला हसण्याचे कारण नाही. वर बसलेल्या डोळ्यांना खालचा थर दिसत नाही, आणि खालच्या हातांना थर म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. डोळा एकाचा आणि हात दुसऱ्याचा, ही व्यवस्थाच चुकीची होती.

ती व्यवस्था बदलली एका विद्यार्थ्याने. पीटर थ्रॉकमॉर्टन नावाचे एक अमेरिकन वृत्तछायाचित्रकार १९५८ च्या सुमारास तुर्कस्तानातील बोद्रुम ह्या गावी स्पंजवाल्यांच्या होड्यांवर हिंडत होते. केमाल आरास नावाच्या कप्तानाने त्यांस बोलता बोलता सांगितले की, गेलिदोन्या भूशिरापाशी तळावर कुजलेल्या कांस्याचा एक ढीग एकमेकांस चिकटून पडला आहे; मोडीच्या भावाने काही सुटेल का हे पाहण्यासाठी तो सुरुंगाने फोडावा असा विचार आहे. थ्रॉकमॉर्टन ह्यांनी त्याला थांबविले, १९५९ साली जागा शोधून काढली आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयास कळविले. संग्रहालयाने जॉर्ज बास ह्या सत्तावीस वर्षांच्या, अद्याप डॉक्टरेटची पदवी पदरात न पडलेल्या संशोधक-विद्यार्थ्यास निवडले. बास ह्यांस पाण्याखालचे काही ठाऊक नव्हते; त्यांनी फिलाडेल्फियातील एका तरणतलावात टाकी पाठीवर घेऊन श्वास घेण्याचे धडे घाईघाईने गिरविले आणि ते तुर्कस्तानास निघाले. पाणबुड्याला पुरातत्त्व शिकविण्यापेक्षा पुरातत्त्वज्ञाला बुडी शिकविणे सोपे, हे त्यांचे मत पुढे ह्या विद्येचा पायाच ठरले.

१९६० च्या उन्हाळ्यात गेलिदोन्याच्या उघड्या किनाऱ्यावर, कड्याखालच्या चिंचोळ्या पुळणीवर, त्या मंडळींचा तळ पडला. जोन डु प्लात टेलर व ऑनर फ्रॉस्ट ह्या दोन इंग्रज विदुषी, फ्रेडरिक द्युमा हे कसलेले फ्रेंच पाणबुडे आणि काही तरुण विद्यार्थी, असा तो परिवार होता. सत्तावीस-अठ्ठावीस मीटर खोलीवर चुनखडीच्या कवचात घट्ट जडलेले ढीग छिन्नी-हातोडीने, आणि शेवटी मोटारीच्या जॅकने, सुटे करावयाचे. वर आणून किनाऱ्यावर पुन्हा तळावरच्याच रचनेत जुळवावयाचे. आणि मग हलक्या हाताने उकलावयाचे, असा क्रम होता. तांब्याच्या लगडी, मोडकी अवजारे, वजने, एक मुद्रा, खलाशांचा दिवा, असे बरेच काही निघाले. गलबत इ. स. पू. १२०० च्या सुमाराचे ठरले. समुद्रतळावरचे पुरातन गलबत तळापर्यंत शास्त्रीय पद्धतीने, आणि पुरातत्त्वज्ञाच्या स्वतःच्या देखरेखीखाली पाण्यातच, उत्खनन केले गेले ते हे पहिले होय.

१९६७ साली बास ह्यांनी ग्रंथ प्रसिद्ध करून एक धाडसी विधान केले. त्या काळी भूमध्य समुद्रातील कांस्ययुगीन व्यापार ग्रीक मायसीनियन लोकांच्या हाती होता असा विद्वानांचा समज होता. खलाशांच्या खाजगी वस्तू, वजने व दिवा ह्यांवरून हे गलबत पूर्वेकडील, कनानी किनाऱ्याच्या लोकांचे असावे असे बास म्हणाले. पंडितांनी नाके मुरडली. एका गलबतावरून, तेही एका तरुणाने पाण्यात शोधलेल्या, प्रस्थापित मत का बदलावे? ह्या प्रश्नाचे उत्तर पुढे दिले गेले, आणि ते बास ह्यांच्या विद्यार्थ्यांनी दिले. पण त्याआधी ही शाळा कशी वाढली ते सांगितले पाहिजे.

१९६१ ते १९६४ ह्या चार उन्हाळ्यांत बास ह्यांनी यासी अदा ह्या बेटाजवळ सातव्या शतकातील एका बायझंटाइन गलबताचे काम केले. ह्या कामाला मी समुद्रतळाची पहिली पाठशाळा म्हणतो. एवढ्या खोलीवर माणसाला थोडाच वेळ थांबता येते. हवेतील नत्रवायू दाबाने रक्तात विरघळतो, बुद्धीवर धुंदी आणतो, आणि घाईने वर आल्यास सोडावॉटरच्या बाटलीसारखा फसफसून सांधे व मज्जारज्जू ह्यांचा घात करतो. म्हणून दिवसातून दोनदा, तेही थोडा थोडा वेळच काम, आणि प्रत्येक वेळी थांबत थांबत वर येणे. जमिनीवर एक माणूस एका दिवसात जे उरकतो त्याला येथे दहा-बारा माणसे लागतात. ती माणसे मजुरीने आणता येत नाहीत, कारण प्रत्येकाला मोजता, रेखाटता, टिपता आले पाहिजे. उन्हाळ्याचे तीन महिने, अल्प खर्चात, शिकण्याच्या हौसेने झोकून देणारा असा माणूस एकच. तो म्हणजे विद्यार्थी. तेव्हा ह्या विद्येत शिक्षण हे संशोधनाच्या पंगतीत उरलेले वाढून दिलेले ताट नव्हे. संशोधनाचा स्वयंपाकच त्या हातांनी होतो. हे जमिनीवरच्या पुरातत्त्वाबद्दल इतक्या जोराने म्हणता येणार नाही.

त्या हातांनी काय केले? तळावर लोखंडी चौकटी बसविल्या, त्यांवरून छायाचित्रे काढली, पुढे दोन कॅमेऱ्यांनी एकाच जागेची चित्रे घेऊन त्यांवरून खोलीची मापे काढण्याची रीत बसविली. नऊशेच्या आसपास द्विकर्णी कुंभ मोजले. लाकडाचे हलके तुकडे प्रवाहाने हलू नयेत म्हणून सायकलच्या आऱ्या घासून टोकदार केल्या आणि हजारो आऱ्यांनी तो सांगाडा तळाशी टाचून ठेवला. तराजूच्या दांडीवर ‘जॉर्जियस, वडील, नौकेचा धनी’ अशा अर्थाची अक्षरे निघाली, आणि तेराशे वर्षांपूर्वीच्या एका तांडेलाचे नाव आपल्याला कळले. हेराक्लियस बादशहाची नाणी निघाल्यामुळे इ. स. ६२५-२६ च्या सुमारास ते बुडाले हे निश्चित झाले.

पण त्या सर्वांत मोठी गोष्ट एका विद्यार्थ्याच्या चिकाटीतून निघाली. फ्रेडरिक व्हान डूर्निंक हे तेथील एक विद्यार्थी. गलबताचे वरचे अंग बहुतेक नाहीसे झाले होते. उरले होते ते फळ्यांचे तुकडे, खिळ्यांची भोके आणि सुताराने ओढलेल्या रेघा. त्यांतून काही निघेल अशी आशा थोड्यांनाच होती. व्हान डूर्निंक ह्यांनी एकेक भोक, एकेक रेघ मोजून कागदावर मांडली आणि आपल्या पदवीच्या प्रबंधात गलबताची बांधणी उभी केली. तीवरून असे दिसले की, ह्या गलबताचा पाण्याखालचा भाग जुन्या रीतीने बांधलेला होता. म्हणजे आधी पठाण टाकून, फळ्यांच्या कडांत खाचा पाडून त्यांत लाकडी जिभा बसवून फळीला फळी जोडावयाची आणि मागाहून आत वांक, म्हणजे फासळ्या, बसवावयाच्या. वरचा भाग मात्र नव्या रीतीचा. आधी वांक उभे करावयाचे आणि मग त्यांवर फळ्या ठोकावयाच्या. जुनी रीत संपून नवी रीत येण्याची ती संधिवेळा त्या एका गलबतात गोठून राहिली होती. पुढे जी मोठी जहाजे जगभर फिरली ती नव्या रीतीची. इतके मोठे स्थित्यंतर एका विद्यार्थ्याच्या वहीतून बाहेर यावे, हे आम्हां शिक्षकांना सुखावणारे आहे.

आणखी एका माणसाची गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही, जरी तो विद्यार्थी नव्हता व सुरुवातीस शिक्षकही नव्हता. रिचर्ड स्टेफी हे पेनसिल्व्हेनिया प्रांतातील एका लहान गावात विजेची कामे करणारे गृहस्थ. फावल्या वेळात गलबतांच्या प्रतिकृती करण्याचा त्यांस नाद. बास ह्यांच्याच मंडळींत तयार झालेले मायकेल कात्झेव ह्यांनी सायप्रसमधील कायरेनिया येथे इ. स. पू. चौथ्या शतकातील एका व्यापारी गलबताचे १९६८-६९ साली उत्खनन केले. आंद्रेआस कारिओलू ह्या स्थानिक पाणबुड्याने ते दाखविले होते. पन्नासांहून अधिक विद्यार्थी व तज्ज्ञ त्या कामी लागले होते. सुमारे दहा हजार बदाम निघाले, आणि भांडी चार-चारच्या संचांत निघाल्यामुळे गलबतावर चार माणसे होती असा तर्क करता आला. ते लाकूड पुन्हा जोडून गलबत उभे करण्यासाठी विजेचा धंदा सोडून स्टेफी सहकुटुंब सायप्रसला गेले आणि तेथील जुन्या किल्ल्यात त्यांनी ते उभे केले. पुढे टेक्सासमधील विद्यापीठात पदवी नसलेला हा माणूस प्राध्यापक झाला व नौकाबांधणीच्या इतिहासाचा आधारभूत ग्रंथ त्याने १९९४ साली लिहिला. विद्येच्या दारात प्रमाणपत्र न विचारता हाताचे कौशल्य ओळखणारी माणसे भेटली म्हणून हे घडले. असो.

१९७३ साली बास ह्यांनी विद्यापीठातील स्थिर जागा सोडून नौकापुरातत्त्वाची स्वतंत्र संस्था स्थापिली. १९७६ मध्ये ती टेक्सास ए अँड एम विद्यापीठाशी जोडली गेली, आणि तेथे ह्या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. हिवाळ्यात वर्गात, उन्हाळ्यात समुद्रात, असा वर्षाचा परिपाठ बसला. १९७७ ते १९७९ ह्या काळात सेर्चे लिमानी येथे अकराव्या शतकातील एक गलबत त्यांनी काढले. त्यावर पुन्हा वितळविण्यासाठी नेली जाणारी फुटकी काच होती, सुमारे तीन टन! पाच ते दहा लाख तुकडे. ते वर काढावयास तीन उन्हाळे लागले, जुळवावयास अनेक वर्षे. बोद्रुमच्या किल्ल्यात विद्यार्थ्यांमागून विद्यार्थी येत गेले. रंग पाहून, जाडी पाहून, काठ आणि बूड वेगळे करून तुकड्याला तुकडा लावीत गेले. पाण्यातील साहसाची चित्रे नियतकालिकांत छापून येतात. ह्या टेबलावरच्या कष्टांचे चित्र कोणी छापीत नाही. परंतु समुद्रातून काढलेले लाकूड तसेच वाळू दिले तर तडकून चुरा होते, लोखंड हवेत फुटते, मडक्यातील मीठ स्फटिक होऊन त्याचे पापुद्रे काढते. हे सर्व गोड्या पाण्यात व रसायनांत वर्षानुवर्षे ठेवून सांभाळणारे हात शिबिरांतूनच तयार झाले.

आता त्या प्रलंबित प्रश्नाकडे वळतो. ह्या संस्थेची माणसे दरवर्षी तुर्की किनाऱ्यावरील स्पंजवाल्यांच्या गावी जात, त्यांस चित्रे दाखवीत, बुडालेले गलबत तळाशी कसे दिसते, तांब्याची लगड कशी ओळखावी हे समजावून देत. म्हणजे विद्यार्थी पाणबुड्यांकडून समुद्र शिकत आणि पाणबुडे विद्यार्थ्यांकडून इतिहास. १९८२ साली मेहमेत चाकिर नावाच्या तरुण स्पंजवाल्याने कप्तानाला सांगितले की, उलुबुरुनच्या कड्याखाली आपण ‘कान असलेली धातूची बिस्किटे’ पाहिली. दुसऱ्या एखाद्या गावात ह्यावर हशा पिकला असता. येथे कप्तानाने चित्रे पाहिली होती, त्याने ओळखले.

१९८४ साली काम सुरू झाले ते १९९४ पर्यंत चालले. पहिल्या वर्षी बास प्रमुख होते; नंतर त्यांनी ते काम आपले विद्यार्थी जेमाल पुलाक ह्यांच्याकडे सोपविले. गलबत चव्वेचाळीस मीटर खोलीपासून खाली उतारावर पडले होते. एका वेळी वीस मिनिटे, दिवसातून दोनदा. म्हणजे दिवसाकाठी माणशी चाळीस मिनिटे. अशा २२,४१३ बुड्या झाल्या. किनाऱ्यावर कड्याला बिलगून लाकडी झोपड्या उभारल्या होत्या. निघाले काय? दहा टन तांबे आणि एक टन कथील, म्हणजे कांस्य ओतावयास लागणारे नेमके प्रमाण! निळ्या काचेच्या लगडी, कनानी कुंभांतून भरलेली राळ, आफ्रिकेतील काळे लाकूड, हस्तिदंत व पाणघोड्याचे दात, मिसरच्या नेफर्तिती राणीच्या नावाची सोन्याची मुद्रा, आणि मेण भरून लिहावयाची एक लाकडी जोडपाटी. इ. स. पू. चौदाव्या शतकाच्या अखेरीचे हे गलबत. त्यावरील वजने, दिवे आणि नांगर पाहता ते पूर्व किनाऱ्याचे असावे, आणि त्यावर बहुधा काही मायसीनियन प्रवासी असावेत, असे पुलाक ह्यांनी दाखविले. ज्या मताला नाके मुरडली गेली होती त्याला असा दुजोरा मिळाला. आणि तो त्याच शाळेतल्या शिष्याने आणला. पुलाक ह्यांनी १९९६ साली ह्याच विषयावर प्रबंध लिहिला व पुढे ते त्याच विद्यापीठात अध्यापक झाले. बास २०२१ साली वारले.

ह्या शिबिरांवर आक्षेप नाहीत असे नाही. नवशिक्याच्या हाती एकाच प्रतीचा ग्रंथ द्यावा काय, हा प्रश्न रास्त आहे. ह्याचे उत्तर शिबिराच्या शिस्तीत आहे. फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीन येथे दीपगृहाच्या संग्रहालयाचे संशोधक विद्यार्थ्यांसाठी असे शिबिर चालवीत आले. तेथील पाणी इतके गढूळ की स्वतःचा हात दिसू नये. २००९ साली तेथे सापडलेले एक गलबत अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या अखेरीस, डिसेंबर १७८२ मध्ये, चार्ल्सटन सोडून निघालेल्या राजनिष्ठांच्या ताफ्यातील होते हे विद्यार्थ्यांच्या साहाय्याने सिद्ध झाले. १७८० साल कोरलेली एक तोफ त्यात निघाली. त्या अंधारात फीत धरून स्पर्शाने मापे घ्यावयाची, ती पाटीवर लिहावयाची आणि वर येताच नकाशावर उतरवावयाची. मापाआधी वस्तूला हात लावावयाचा नाही, हा तेथला पहिला पाठ. इंग्लंडमध्ये ‘मेरी रोझ’ ह्या राजनौकेच्या कामी १९७९ ते १९८२ ह्या अवधीत सुमारे पाचशे हौशी पाणबुडे स्वयंसेवक म्हणून खपले. त्यांच्या प्रमुख मार्गारेट रूल ह्यांनी तर ह्या कामासाठीच मध्यम वयात बुडी शिकून घेतली. तेव्हा हौशी माणूस हे संकट नसून अशिक्षित हौस हे संकट आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो. उन्हाळी शिबिर भरविणे सोपे, वृत्तांत लिहून पुरा करणे कठीण. विद्यार्थी घरी जातात, वस्तू टाक्यांत पडून राहतात, प्रमुखाचे वय होते. अहवाल न छापलेले उत्खनन आणि सुरुंग लावलेले गलबत ह्यांत इतिहासाच्या दृष्टीने फरक उरत नाही, मग शिबिरात कितीही जण शिकून गेलेले असोत. यासी अदाचा पहिला खंड १९८२ साली, म्हणजे काम संपल्यावर अठरा वर्षांनी निघाला, पण निघाला. तो निघू शकला, कारण तळाशी आऱ्या टोचणारे विद्यार्थीच तोवर प्राध्यापक होऊन लेखक झाले होते.

आपल्याकडे ह्या विद्येचा आरंभ गोव्यात झाला. १९८१ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत लोथलचे उत्खननकार डॉ. एस. आर. राव ह्यांच्या पुढाकाराने सागरी पुरातत्त्वाचा विभाग उघडला, आणि १९८३ पासून द्वारकेच्या समुद्रात काम सुरू झाले. पुरातत्त्वज्ञांनी येथेही बुडी शिकून घेतली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने जलांतर्गत पुरातत्त्वाची शाखा २००१ साली काढली. गोव्याच्या मंडळींनी सुंची खडकापाशी सतराव्या शतकातील एका पोर्तुगीज गलबताचे अवशेष तपासले. त्यांत तोफा, चिनी मातीची भांडी, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात निघाले. उलुबुरुनचा माल वाचलेल्या वाचकास येथे थांबावेसे वाटेल. मध्ये तीन हजार वर्षे गेली, समुद्र बदलला, पण गलबतात भरावयाचा आफ्रिकेचा माल तोच! सेंट जॉर्ज खडकापाशी तर ‘बाझल मिशन टाइल वर्क्स १८६५’ असा छाप असलेली कौले निघाली. आपल्या कित्येकांच्या वाडवडिलांच्या छपरावर त्याच मंगळुरी घाटणीची कौले होती. ती समुद्रमार्गे बंदरोबंदरी कशी पोहोचत असतील, ह्याचा हा मूर्तिमंत पुरावा.

परंतु अभ्यासक्रमाला जोडून दर उन्हाळ्यात नियमाने भरणारी शिबिरे आपल्या देशात अजून विरळच आहेत. खोल बुडीचा खर्च, टाक्या, वैद्य, दाबकोठडी, ही सर्व साधने मोठ्या संस्थांनाच झेपतील हे मान्य. पण सर्वच काम खोल पाण्यात असते असे नाही. विजयदुर्ग व सिंधुदुर्ग ह्यांच्या परिसरात दगडी नांगर आढळले आहेत. त्यांतील काही लांबट चौकोनी, वर एक वाटोळे भोक आणि खाली लाकडी दांडे घालण्यासाठी दोन चौकोनी भोके, ह्या अरबी समुद्रात सर्वत्र चालणाऱ्या घडणीचे. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे आंग्र्यांच्या काळची गोदी खडकात कोरलेली आहे. अशा जागी गुडघाभर पाण्यात, फीत, पाटी आणि होकायंत्र एवढ्या सामग्रीवर महाविद्यालयातील वीस मुले एका सुटीत पुष्कळ काम करू शकतील. नांगराची लांबी-रुंदी, भोकांची मापे, दगडाची जात, तो कोठे व कोणत्या दिशेस पडला आहे ह्याची खूण, आणि गावातील वृद्ध तांडेलांनी त्याविषयी सांगितलेली माहिती. इतके टिपले तरी पहिली वही भरेल. जाळ्यात आलेले खापरही मग परत समुद्रात न टाकता, समुद्राच्याच पाण्यात बुडवून, कोणत्या खुणेवर व किती वावांवर सापडले ते लिहून, त्या मुलांच्या हवाली करता येईल. शिबिराच्या तारखा मात्र मोठ्या ओहोटीच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या धराव्या लागतील. आणि तो हिशेब कोकणच्या किनाऱ्यावर कोणास पुस्तक उघडून पाहावा लागत नाही.